जगाच्या आरोग्याचा पाठ, कृष्णेच्या काठी

कराड, मिरज, सांगली, सातारा या पट्ट्यात वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंगच्या महाविद्यालयांची दाटी आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या बोलण्यात अलीकडे 'एमपीएच' हे नाव वारंवार येते. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. कुणाला त्यासाठी लंडनला जायचे असते, कुणाला बाल्टिमोरला, कुणाला मुंबई-पुण्यातच प्रवेश हवा असतो. घरच्यांना मात्र कोडे पडते. एवढा डॉक्टर झाला, आता पुन्हा हे काय? यात पेशंट नाही, ऑपरेशन नाही, दवाखान्याची पाटी नाही. मग शिकतात तरी काय?

प्रश्न रास्त आहे. डॉक्टर एका माणसाची नाडी बघतो. हे शास्त्र अख्ख्या गावाची, तालुक्याची, देशाची नाडी बघते. एका बाळाला जुलाब झाले तर डॉक्टर औषध देईल. एकाच आळीतल्या वीस बाळांना झाले, तर टाकीपासून नळापर्यंत पाणी नेमके कुठे नासले हे शोधणारा वेगळा माणूस लागतो. तो साथरोगशास्त्र शिकतो, संख्याशास्त्र शिकतो, आरोग्याचे अर्थकारण, कायदे, पर्यावरण आणि समाजशास्त्र शिकतो. त्याला 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण लागले की आणखी एक पदर जोडला जातो. रोग सीमा ओलांडतात, औषधे ओलांडतात, पैसाही ओलांडतो, आणि पैशाबरोबर त्याच्या अटीही येतात.

मला या लेखात एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. लोक कसे मोजायचे हे विद्यापीठ उत्तम शिकवते. कुणासाठी मोजायचे आणि निर्णय कुणाच्या हाती द्यायचा, हा या विषयातला अवघड धडा आहे. तो धडा सातारा आणि सांगली जिल्ह्यांनी स्वतः किंमत मोजून शिकलेला आहे. या भागातून जगाचे आरोग्य शिकायला निघालेल्या मुलामुलींनी आधी आपला जिल्हा वाचावा.

गोदीतून निघालेले शास्त्र

या विषयाची पहिली विद्यालये बंदरांत जन्मली. लिव्हरपूलची संस्था १८९८ ची. लंडनची १८९९ ची. पॅट्रिक मॅन्सन यांनी ती गोदीतल्या खलाशांच्या इस्पितळात सुरू केली. तेव्हा विषयाचे नाव 'उष्णकटिबंधीय वैद्यक' होते. वसाहतींत जाणारे गोरे अधिकारी, सैनिक आणि व्यापारी हिवतापाने मरू नयेत, ही त्यामागची मोठी निकड होती. अमेरिकेत १९१६ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे स्वतंत्र विद्यालय निघाले. त्याच फाउंडेशनच्या मदतीने १९३२ मध्ये कोलकात्यात 'ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ' उभी राहिली.

तोवर मिरजेत हे 'आंतरराष्ट्रीय आरोग्य' रुजूनही गेले होते. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आले. सांगलीत थोडा काळ काढून ते मिरजेत स्थिरावले आणि १८९४ मध्ये त्यांचे रुग्णालय सुरू झाले. मिरज रेल्वेचे जंक्शन. कोल्हापूर, बेळगाव, सोलापूर, पुणे अशा चारी दिशांनी पेशंट उतरायचे. वानलेस यांनी शस्त्रक्रियेत नाव कमावलेच, शिवाय इथल्या मुलांना वैद्यकाचे शिक्षण द्यायला सुरुवात केली, महारोग्यांसाठी निवारा उभारला आणि क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. सांगली आणि मिरज यांच्या मधली वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. मिरज दवाखान्यांचे गाव झाले ते या पायावर. १९६२ मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले.

त्या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या एका डॉक्टरने पुढे स्टेथोस्कोप बाजूला ठेवला. साताऱ्यात जन्मलेले, सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकलेले, कबड्डीचे मैदान गाजवलेले नरेंद्र दाभोलकर. साताऱ्यात त्यांनी व्यसनमुक्तीसाठी 'परिवर्तन' उभे केले, १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती चालवली. अंगारा, गंडा, साप चावल्यावर मांत्रिकाकडे धाव, दारू, तंबाखू या साऱ्या गोष्टी माणसाला आजारी पाडतात किंवा वेळेत उपचारापर्यंत पोहोचू देत नाहीत. त्यावर काम करणे हे आरोग्याचेच काम होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. लोकांच्या समजुतींना हात घालणारे आरोग्याचे काम किती जोखमीचे असते, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी या घटनेने आपल्याला सांगितले.

१८९७ चा कायदा

खंडाळा तालुक्यातले नायगाव आपण सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव म्हणून ओळखतो, आणि ३ जानेवारीला तिथे शिक्षणाचा उत्सव होतो. सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याने तिथे १० मार्चलाही जावे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. सरकारने फेब्रुवारीत साथरोग कायदा केला. प्लेग अधिकारी रँड याच्या अधिकाराखाली सोजिर घरात घुसू लागले, बायाबापड्यांची झडती घेऊ लागले, संशयितांना छावण्यांत नेऊ लागले. लोक रोगी लपवू लागले. साथीपेक्षा सरकारची भीती मोठी झाली.

त्याच महिन्यांत सावित्रीबाई आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या गायकवाड कुटुंबातल्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. विलगीकरण रँडही करत होता आणि सावित्रीबाईही करत होत्या. एका ठिकाणी संगीन होती, दुसऱ्या ठिकाणी विश्वास होता. साथीच्या काळातले नीतिशास्त्र शिकवायला याहून मोठे उदाहरण जगात शोधावे लागेल.

१८९७ चा तोच कायदा १२३ वर्षांनी महाराष्ट्राने पुन्हा बाहेर काढला. मार्च २०२० मध्ये वाळवा तालुक्यातल्या इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातल्या चौघांना कोरोना झाल्याचे निष्पन्न झाले. काही दिवसांत त्याच गोतावळ्यातली बाधितांची संख्या वीसच्या पुढे गेली. देशभर इस्लामपूरचे नाव झाले. पुढे जे झाले ते साथरोगशास्त्राच्या पहिल्या सत्रात शिकवतात तेच होते: बाधिताला कोण कोण भेटले याची यादी, त्या प्रत्येकाचे विलगीकरण, परिसराची नाकेबंदी, घरोघर सर्वेक्षण. मिरजेच्या रुग्णालयात उपचार झाले आणि एप्रिलमध्ये बहुतेक सगळे बरे होऊन घरी परतले. सर्वेक्षणाला दारोदार फिरल्या त्या आशा आणि अंगणवाडीच्या ताई. लोकांनी त्यांना खरी माहिती दिली, कारण या बायका त्यांच्या ओळखीच्या होत्या.

गोकुळनगरचा नकार

सांगलीतले गोकुळनगर ही धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती. सीमाभागातली देवदासींची प्रथा, दुष्काळ, नवऱ्याने टाकणे अशा अनेक वाटांनी बायका तिथे आलेल्या. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ ची, चेन्नईतली. नव्वदीच्या सुरुवातीला हा विषाणू महाराष्ट्राच्या महामार्गांवरून गावांत शिरला होता आणि सगळ्यांचे बोट या बायकांकडे वळले होते. सरकारी भाषेत त्या 'संसर्गाचे भांडार' होत्या.

१९९२ मध्ये मीना शेषू यांनी सांगलीत 'संपदा ग्रामीण महिला संस्था', म्हणजेच 'संग्राम' सुरू केली. सुरुवातीचा धडा असा की बाहेरून येऊन निरोध वाटणाऱ्याचे कुणी ऐकत नाही. गिऱ्हाईक निरोधाला नाही म्हणाले तर काय बोलायचे, दारू पिऊन आले तर कसे हाताळायचे, पोलिसाने निरोधाचे पाकीटच पुरावा म्हणून धरले तर काय करायचे, हे फक्त त्या बायकांना ठाऊक होते. म्हणून निरोध वाटणे, दुखण्याखुपण्यात दवाखान्यात सोबत जाणे, नव्या आलेल्या बाईला समजावणे ही कामे बायकांनीच हाती घेतली. एकटी बाई निरोधाचा आग्रह धरते तेव्हा गिऱ्हाईक शेजारच्या दारात जाते. सगळ्या गल्लीने धरला की त्याला जायला जागा उरत नाही. रोग अडवण्याचे गमक या एकजुटीत होते. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची संघटना झाली, 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद', 'व्हॅम्प'. काम सांगलीबाहेर साताऱ्यात, कोल्हापुरात आणि कर्नाटकातल्या निपाणीपर्यंत पसरले. २००२ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने मीना शेषू यांना सन्मानित केले.

मग आंतरराष्ट्रीय पैशाची खरी परीक्षा आली. २००३ मध्ये अमेरिकेने एड्सविरोधी महाकाय कार्यक्रम जाहीर केला, पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलर. कायद्यात एक अट होती: मदत घेणाऱ्या संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे धोरण लेखी स्वीकारले पाहिजे. ज्या बायकांच्या जिवावर काम उभे होते, त्यांच्याच जगण्याविरुद्ध सही करायची होती. २००५ मध्ये संग्रामने सही नाकारली आणि पैसा सोडला. सांगलीतल्या एका छोट्या संस्थेने जगातल्या सर्वांत मोठ्या देणगीदाराला नाही म्हटले, हे जागतिक आरोग्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखे आहे. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अट तिथल्या संस्थांपुरती घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांना तो दिलासा नाही, असे त्याच न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

२०१३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने इतर संस्थांबरोबर या कामाची मार्गदर्शिका काढली. तिचे पहिले प्रकरण समुदायाच्या सबलीकरणाचे आहे. कोलकात्याच्या सोनागाछीने आणि सांगलीच्या गोकुळनगरने जे वीस वर्षे आधी करून दाखवले, ते आता जगाचे अधिकृत शहाणपण झाले. १९ मे २०२२ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही या बायकांना सन्मानाने वागवण्याचे निर्देश पोलिसांना दिले. जो विद्यार्थी आंतरराष्ट्रीय आरोग्यात नोकरी करणार आहे, तो उद्या कधीतरी अनुदानाच्या करारावर सही करील. अट वाचताना त्याला गोकुळनगर आठवले पाहिजे.

ज्या मुली मोजणीत आल्याच नाहीत

जागतिक आरोग्याच्या वर्गात अमर्त्य सेन यांचा १९९० चा लेख हमखास वाचायला देतात. आशिया आणि उत्तर आफ्रिका मिळून दहा कोटींहून अधिक स्त्रिया 'बेपत्ता' आहेत, असे त्यांनी त्यात मांडले. त्यांतल्या काही आपल्याच तालुक्यांतल्या होत्या. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे सांगलीत ८५१ आणि कोल्हापुरात ८३९ मुली होत्या. ऊस, द्राक्षे, सहकारी कारखाने, दूध संघ यांनी समृद्ध झालेल्या या पट्ट्यात सोनोग्राफीचे यंत्र लवकर आले आणि त्याचा वापर मुली टाळायला झाला. गरिबी हटली की आरोग्य सुधारते हे सूत्र इथे अपुरे पडते. पैसा आला तेव्हा मुलीचा जीव अधिक स्वस्त झाला.

महाराष्ट्राने १९८८ मध्येच गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा कागदावर राहू नये म्हणून साताऱ्यातल्या ॲड. वर्षा देशपांडे यांनी वेगळी वाट धरली. १९९० मध्ये त्यांनी दलित महिला विकास मंडळ स्थापन केले होते. पुढे 'लेक लाडकी अभियान' आले. गरोदर कार्यकर्तीला बनावट ग्राहक म्हणून पाठवायचे, सौदा पुराव्यासह पकडायचा आणि खटला शेवटापर्यंत लढायचा. यात दोन कागद महत्त्वाचे. एक दवाखान्याच्या भिंतीवरची पाटी: इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. दुसरा 'एफ फॉर्म'. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी तो भरावा लागतो: आधीची मुले किती, त्यांत मुली किती, तपासणी कशासाठी, कुणी पाठवले. अर्धवट भरलेला एफ फॉर्म हाच डॉक्टरविरुद्ध पुरावा ठरतो. साथरोगशास्त्रात ज्याला नोंदीची गुणवत्ता म्हणतात, ती इथे न्यायालयात जाऊन उभी राहते. २०२५ चा संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार वर्षा देशपांडे यांना मिळाला. भारतीय व्यक्तींपैकी त्यांच्याआधी तो इंदिरा गांधींना १९८३ मध्ये आणि जे. आर. डी. टाटांना १९९२ मध्ये मिळाला होता.

साताऱ्याने आणखी एक काम केले. अनेक घरांत तिसरी-चौथी मुलगी झाली की तिचे नाव 'नकुशा' ठेवत. पुढच्या खेपेला मुलगा व्हावा म्हणून. शाळेच्या हजेरीत, रेशनकार्डावर, लग्नपत्रिकेत हेच नाव. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्हा परिषदेच्या पुढाकाराने अशा २८५ मुलींचे समारंभपूर्वक नामकरण झाले. मुलींनी स्वतः नावे निवडली आणि प्रमाणपत्रे घेतली. आरोग्य विभागाने गावोगाव शोधून त्यांची यादी केली होती. एका जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने लसीच्या डब्याइतक्याच गांभीर्याने मुलींची नावे हाताळली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लढा संपलेला नाही. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये बेकायदा गर्भपातात एका विवाहितेचा मृत्यू झाला आणि तपासात ओढ्याकाठी १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. दक्षिण कोरियात १९९० मध्ये दर शंभर मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते, आणि पुढच्या दोन दशकांत ते प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. हे कसे घडले याचा अभ्यास करून वाळवा-मिरजेत काय लागू पडेल ते सांगणारा संशोधक आपल्याला हवा आहे.

शिकून परत आलेले

परदेशी शिक्षणाचा उपयोग कसा होतो हे पाहायचे तर महाराष्ट्रात दोन ठळक उदाहरणे आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. त्यांनी अक्षरओळख नसलेल्या बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केले. १९७५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आले आणि १९७८ च्या अल्माआटा जाहीरनाम्यामागे जे अनुभव होते त्यांत जामखेड होते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही हॉपकिन्सचेच. गडचिरोलीत त्यांनी गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

त्या निबंधाचे जिवंत रूप आज माण-खटावच्या वाडीवस्तीवर दिसते. दवाखान्यात जन्मलेले बाळ घरी आले की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. आधी साबणाने हात धुते. बाळाला झोळीत घालून वजनकाट्याला टांगते आणि आकडा वहीत लिहिते. काखेत थर्मामीटर लावते. मग दुपटे बाजूला करून, घड्याळावर नजर ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजते, आणि दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर गाडी बोलावते. आजीने बाळाला मध चाटवला असेल तर तिला न दुखावता समजावते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला. २०२४ च्या सुरुवातीला याच आशांना मानधनवाढीच्या आदेशासाठी मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडावे लागले. ज्या कामाच्या बळावर संशोधक निबंध लिहितात, ते काम करणारीला तिच्या कष्टाचा मोबदला मिळाला पाहिजे. हा मुद्दा आरोग्य अर्थशास्त्राच्या पेपरात आला पाहिजे.

अजून न लिहिलेले प्रबंध

विषय शोधत फिरणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे दोन जिल्हे उघडे पुस्तक आहेत. एकीकडे माण, खटाव, आटपाडी, जत इथे पाण्याच्या टँकरची वाट बघणारी गावे आणि दुसरीकडे पलूस, मिरज, सांगलीत छतावर चढून मदतीची वाट बघणारी. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिस, जुलाब, त्वचारोग येतात, मधुमेह्यांची औषधे वाहून गेलेली असतात आणि डायलिसिसचे पेशंट अडकतात. हवामानबदल आणि आरोग्य हा आज जगभरच्या विद्यापीठांत आघाडीचा विषय आहे. त्याची प्रयोगशाळा हरिपूरच्या घाटावर आहे.

दुसरा विषय उसाच्या फडात आहे. दिवाळी सरली की बीडकडून तोडकरी जोडपी सातारा-सांगली-कोल्हापुरात उतरतात आणि निम्मे वर्ष कोप्यांत राहतात. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात झालेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीच कायमची घालवायची. या बायका कारखान्याच्या हद्दीत राहतात तेव्हा त्यांची नोंद कोणत्या आरोग्य केंद्रात होते? गरोदर तोडकरणीच्या तपासण्या बीडमध्ये सुरू होतात, त्या कराडात पुढे चालतात का? स्थलांतरितांचे आरोग्य शिकायला भूमध्य समुद्रापर्यंत जायची गरज नाही.

जायचे, आणि मागून काय घ्यायचे

मी परदेशी जाऊ नका असे म्हणत नाही. जरूर जावे. भारतात एमपीएचचा पाया १९९७ मध्ये तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राने घातला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि पुण्यात सावित्रीबाईंच्याच नावाचे विद्यापीठ हा विषय शिकवतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, दरवर्षी ७५ जागा. ज्या मुंढव्याच्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर आणले, त्याच्यासारख्या वस्त्यांतली मुले आता लंडनच्या वर्गात बसू शकतात आणि आपल्या वस्तीच्या आरोग्याबद्दल स्वतः लिहू शकतात. या विषयाच्या इतिहासात ही सर्वांत मोठी उलथापालथ ठरेल.

माझे मागणे इथल्या विद्यापीठांकडे आणि या मुलांकडे आहे. कराड, मिरज, सांगली, सातारा इथल्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्याला एखाद्या आशाताईच्या हाताखाली काही आठवडे शिकायला धाडावे, आणि तिला त्या शिकवण्याचे मानधन द्यावे. गोकुळनगरच्या बायकांना वर्गात व्याख्यात्या म्हणून बोलवावे. या जिल्ह्यांवर होणारा प्रत्येक प्रबंध, मग तो लंडनचा असो की मुंबईचा, त्याचे निष्कर्ष सोप्या मराठीत त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवणे बंधनकारक करावे. लोकांनी माहिती दिली, रक्त दिले, वेळ दिला. त्यातून काय निघाले हे समजण्याचा पहिला हक्क त्यांचा आहे. ग्रामसभेत लोक उलटे प्रश्न विचारतील, चुका काढतील, काही आकडे खोटे ठरवतील. त्यातून सुधारलेला प्रबंध जगाच्या उपयोगी पडेल.